दादारावांचे नऊ होले

"पडला का बे?" कानांवरचे, आवाज अडवणारे जाडे मफ बाजूला सारत दादारावांनी विचारलं.

"पडला ना, दादा! सूर्यफुलांच्या त्या मोडक्या ताटांत. बसा तुम्ही, मी आणतो."

विष्णू लगबगीनं शेतात शिरला. होला, कबुतराहून लहान तो करडा पक्षी, अजून ऊन होता. पंखाखाली एक लालसर ठिपका, बाकी झोपल्यासारखा. त्यानं तो आणून दादारावांच्या खुर्चीला अडकवलेल्या पिशवीत टाकला.

"सहा झाले तुमचे."

"आणि तुझे?"

"नऊ."

"तीनच जास्त?" दादाराव खूश झाले. "पन्नाशीतला धडधाकट माणूस, अन् मी असा खुर्चीत. लाज वाटते का काही?"

"वाटते ना," विष्णू म्हणाला. त्याला वाटत होतं ते वेगळंच होतं.

डॅलसच्या बाहेर दोन तासांवरचं हे शेत तिघांनी मिळून दर सप्टेंबरात भाड्यानं घ्यायचं ठरलेलं होतं: दादाराव, विष्णू आणि राजेश. यंदा राजेशच्या ऑफिसात काहीतरी कोसळलं होतं, म्हणून तो आलेला नव्हता. तसा दादारावांनीही यायला नको होतं. उन्हाळ्यात डॉक्टरनं औषधं थांबवली होती, म्हणजे आता थांबवण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. केमोनं बोटांच्या शेंड्यांतली जाणीव नेली होती. ट्रिगर दाबला गेला की नाही, हे त्यांना खांद्याला धक्का बसल्यावरच कळायचं. तोवर होला पुढच्या शेतात पोचलेला असायचा.

दादाराव मूळचे भंडाऱ्याकडचे. अर्विंगच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन म्हणून उभं आयुष्य लोकांचं रक्त तपासलं आणि तिथूनच रिटायर झाले. बंदूक धरायला शिकले ते तिथल्याच एका सोबत्याकडून. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी विहारात वंदनेला पुढच्या रांगेत बसत. पंचशील म्हणताना पहिल्या शीलाला, प्राणिहिंसा न करण्याच्या, त्यांचा आवाज एकदम खाली जाई आणि दुसऱ्यापासून पुन्हा वर येई. त्यांची बायको, शीलावहिनी, शेजारून कोपरानं ढोसत. "सप्टेंबरपुरती सुट्टी आहे माझी त्यातून," असं ते बाहेर आल्यावर चपला घालताना सांगत. वहिनींनी त्यांनी मारलेला होला जन्मात तोंडात घातला नव्हता. शिजवून मात्र द्यायच्या, आणि तोही असा की राजेश बोटं चाटत बसायचा.

विष्णू नागपूरचा. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा त्याला पगार मिळायचा, आणि ही सवय तो ऑफिसात ठेवून घरी येत नसे. दर ऑगस्टात, ज्यानं त्यानं घरून पदार्थ आणायच्या पॉटलकला नवी पोरं भेटली, शिकारीला येतो म्हणाली, की हा भाताची प्लेट हातात घेऊनच शिकवणी सुरू करी. "दिवसाला माणशी पंधरा. सलग दिवस मारलेत तर गाडीत, कूलरमध्ये, सगळं धरून कब्ज्यात पंचेचाळीस. त्यावर एक पीससुद्धा नको. ज्यानं मारला त्याच्याच नावावर. ढीग एकत्र करायचा नाही, प्रत्येकाची पिशवी वेगळी. आणि बायकोचं लायसन्स काढलं म्हणून बायकोचे पंधरा तुम्ही मारायचे नाहीत. हे रेशनकार्ड नाही, घरात माणसं जास्त म्हणून धान्य जास्त!" हे रेशनकार्डाचं वाक्य त्याला फार आवडायचं. दर वर्षी तिथं थांबून तो हसू येईपर्यंत वाट पाहायचा.

असा माणूस चुकतो तेव्हा नियम माहीत नसल्यामुळे चुकत नाही.

त्या दुपारचा त्याचा हिशेब चोख होता. दादारावांच्या बंदुकीची नळी वर जाऊ लागली, की हा त्यांच्या मागे उजव्या अंगाला उभा राहून आपली बंदूक खांद्याला लावी. त्यांचा बार झाला की त्याच श्वासात याचा. दादारावांच्या कानांवरचे ते मफ यानंच यंदा त्यांना भेट दिलेले, दुकानातले सर्वांत जाड. त्यांना आपला बारसुद्धा दुरून आल्यासारखा ऐकू येई. मागचा कुठून यायला? होला पडला, की विष्णू ओरडे, "दादा, तुमचा!" आणि आणून त्यांच्या पिशवीत घाली. त्यांच्या पिशवीतले सहा, याच्यातले नऊ: सगळे विष्णूचेच. पंधरा. एकाही पिसाचा गुन्हा नाही. पंधरा झाले की आपण बंदूक खाली ठेवायची, हे त्यानं सकाळी गाडी चालवतानाच ठरवलेलं.

त्यानं ठेवलीही. "मान धरली माझी," असं म्हणून तो गवतावर बसला. "निघू या का? वहिनींना चारपर्यंत पोचतो म्हणून सांगितलंय."

"निघू या?" दादारावांनी वळून पाहिलं. "आज हात बसलाय माझा. कित्येक दिवसांनी बसलाय. मान धरली तर तू बस. मी मारतो."

त्यांनी मारला. होला गेला. पुन्हा मारला, तोही गेला. तिसऱ्या वेळेला दोन होले जोडीनं, अगदी खालून आले, डोक्यावरची टोपी उडवतील इतक्या जवळून, आणि दादारावांची बंदूक उठेपर्यंत पाण्याच्या टाकीपलीकडे गेले.  बंदूक मांडीवर ठेवून दादाराव स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग त्या हाताची बोटं डाव्या हातानं एकेक करून दाबू लागले, बाजारात भेंडी दाबून बघतात तशी.

"संपलं वाटतं," ते म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की ते स्वतःशीच होतं.

विष्णू उठला. बंदूक घेतली.

पुढचे तीन असे पडले. नववा तर डावीकडून उजवीकडे, वाऱ्यावर तिरका निघालेला. असा होला विष्णूनंही आयुष्यात दोनदाच पाडला असेल. दादारावांनी मफ काढून गळ्यात टाकले आणि बसल्या जागी हसले. दात नसलेल्या बाजूनं हसले. आजारानंतर ते त्या बाजूनं हसायचं टाळत.

"पाहिलास? पाहिलास ना बे?"

"पाहिला, दादा. असा मी नाही पाडू शकत."

टाकीच्या बांधावरून एक बाई खाली उतरत येताना दोघांनाही तेव्हाच दिसली. खाकी शर्ट, रुंद काठाची टोपी, गळ्यात दुर्बीण. गेम वॉर्डन, शिकारीच्या नियमांवर नजर ठेवणारी सरकारी अधिकारी. कधीतरी येऊन लायसन्स तपासून जातात, त्यात काही विशेष नव्हतं. विशेष होतं ते दुर्बिणीत. कधीपासून बघत होती कोण जाणे.

बाईनं टोपीला हात लावला, नमस्कार केला, लायसन्स बघितली. दोन्ही बंदुका तपासल्या. मग पिशव्या. विष्णूच्या पिशवीतले होले तिनं गवतावर ओळीनं मांडले. दादारावांची पिशवी उचलली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"हे तुमचे, सर?"

"ऑल माइन. नाइन," दादाराव म्हणाले. "लास्ट वन वॉज डिफिकल्ट. लेफ्ट टू राइट." आणि हातानं त्यांनी तिला तो तिरका मार्ग हवेत काढून दाखवला.

बाईनं तो हात शेवटपर्यंत पाहिला. मग मान विष्णूकडे वळवली. काळ्या चष्म्यामुळे तिच्या मनातलं काही कळत नव्हतं.

"माझं दुसरं ओळखपत्र पिकअप ट्रकमध्ये आहे," विष्णू घाईनं म्हणाला. तिनं काही मागितलं नव्हतं. पण ती त्याच्याबरोबर चालू लागली.

ट्रकपाशी पोचल्यावर ती म्हणाली, "मी तासभर तिथं वर होते. त्यांच्या बारानं एकही पक्षी पडला नाही. सगळे तुम्ही मारलेत. सगळे मिळून अठरा."

"हो," विष्णू म्हणाला.

"लिमिट माहीत आहे?"

"माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल."

तिनं पावतीपुस्तक बाहेर काढलं. लोक सहसा माहीत नव्हतं म्हणतात, त्याची तिला सवय असावी.

"मॅडम, दंडाचं तिकीट द्या. जे काही असेल ते द्या. फक्त त्यांच्यासमोर सांगू नका. त्यांचा हा शेवटचा सीझन आहे. त्यांना वाटतंय—" पुढचं इंग्रजी त्याला सुचलं नाही. बारा वर्षं या देशात नोकरी करून, मीटिंगा गाजवून, आज नेमकं सुचलं नाही.

बाईनं दूर खुर्चीकडे पाहिलं. दादाराव आपल्या पिशवीतले होले बाहेर काढून मांडीवर ठेवत होते, एकेकाचे पंख सारखे करत होते.

"जे झालं तेच मी लिहीन," ती म्हणाली. "त्यात मला बदल करता येत नाही. पण ते मोठ्यानं वाचून दाखवलंच पाहिजे असा काही नियम नाही." लिहिता लिहिता तिनं विचारलं, "पक्षी मला जप्त करावे लागतील. कोणत्या पिशवीतले न्यावेत असं तुम्हाला वाटतं?"

"माझ्या."

"मलाही तसंच वाटलं."

परत आल्यावर तिनं विष्णूचे नऊ होले एका पिशवीत भरले, दादारावांना "गुड शूटिंग, सर," म्हणाली आणि बांधावरून आली तशी निघून गेली. ते "गुड शूटिंग" विष्णूला तिकिटापेक्षा जड गेलं.

"तुझे का नेले बे?"

विष्णूनं ट्रकपासून इथवर चालताना एकच खोटं शोधून ठेवलं होतं. "बंदुकीत प्लग नव्हता, दादा." तीनच काडतुसं बसावीत म्हणून बंदुकीच्या नळकांड्यात घालायची ती लाकडी कांडी. "साफ करताना काढली, परत घालायचीच राहिली."

दादारावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं एखादा हुशार मुलगा नापास झाल्यावर बाप पाहतो. "दर वर्षी पोरांना शिकवतोस की रे. प्लग, प्लग, प्लग."

"चुकलं."

"अन् तुझा तो सिटिझनशिपचा अर्ज? मध्येच हे तिकीट?"

"बघू."

 दादारावांनी आपल्या पिशवीतून दोन होले काढून पुढे केले. "घे. उल्काला काय दाखवशील? रिकाम्या हातानं जाऊ नको."

"नको, दादा. आता मला दिलेत तर त्याच्यावर चिठ्ठी बांधावी लागेल, तुमचं नाव, पत्ता, सही, किती, कधी... भानगड नको." नियम असे त्याच्या मदतीला धावून आले. "तुमचे नऊ पूर्ण राहू द्या."

घरी बायकोला, उल्काला, काहीच दाखवावं लागलं नाही. तिनं खिशातून तिकीट काढून वाचलं. ती पुण्याची, वाचण्याच्या बाबतीत कोणाला सोडत नसे.

"इथं प्लगबिग काही नाही लिहिलेलं. लिमिटच्या वर मारले असं लिहिलंय. तू? लिमिटच्या वर?"

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून ऐकत होती.

"अरे यार विष्णू," शेवटी ती म्हणाली. "फॉर्मवर स्पष्ट विचारलंय, कधी साइट केलं गेलंय का, म्हणजे असं तिकीट मिळालंय का. आपले दोघांचे अर्ज एकत्र गेलेत. इतकी वर्षं रांगेत उभं राहिलो ते या होल्यांसाठी?"

"तिथं मी खरं सांगेन."

"आणि इथं?"

"इथं नाही."

"निदान राजेशला तरी?"

"राजेशला सांगणं म्हणजे नोटीस बोर्डावर लावणं."

राजेशबद्दल ते खरंच होतं. तिनं तिकिटाची घडी घातली.

दादारावांनी मात्र नोटीस बोर्डाची वाट पाहिली नाही. पुढच्या वंदनेला, विहाराच्या पायऱ्यांवर, चहाच्या कपाभोवती, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, सगळीकडे त्यांनी ते नऊ होले पाडले. नवव्याचा तिरका मार्ग हवेत काढताना त्यांचा उजवा हात अडखळत नसे, हे विष्णूनं पाहिलं. गोष्टीच्या शेवटी "आणि आमचा मास्तर, प्लग विसरला" हे वाक्य ठरलेलं. ऐकणारे विष्णूकडे बघून हसत. कोणी त्याला प्लगचं स्पेलिंग विचारी. एका नव्या पोरानं तर त्याच्या वाढदिवसाला लाकडाची कांडी रिबन बांधून दिली. विष्णू सगळ्यांबरोबर हसे. शिकारीनंतरच्या त्या वंदनेत, पंचशील म्हणताना, पहिल्या शीलाला दादारावांचा आवाज नेहमीसारखा खाली गेला. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या, विष्णूचा गेला. उल्कानं त्याला कोपरानं ढोसलं नाही. नुसतं पाहिलं.

ते नऊ होले दादारावांनी शिजवू दिले नाहीत. साफ करून पिशवीत घातले, वर मार्करनं आपलं नाव आणि तारीख लिहिली आणि फ्रीझरच्या तळाशी ठेवले. "पाहुणे आले की काढू," म्हणायचे. पाहुणे आले, गेले. ते काही निघाले नाहीत.

थंडीत दादाराव अंथरुणाला खिळले. विष्णू ऑफिस सुटल्यावर रोज जाऊन बसे. बोलायला फारसं नसे. एकदा डोळे मिटलेले असतानाच ते म्हणाले, "डावीकडून उजवीकडे."

"हो, दादा."

"वारा होता."

"खूप होता."

"मला वाटलं होतं, संपलं." मग थोड्या वेळानं, "तुझे नऊ गेले पण."

"जाऊ द्या."

त्यांना कधी शंका आली होती का, हे विष्णूला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची सोय त्यानं स्वतःच ठेवली नव्हती. जानेवारीत ते गेले.

विष्णू आणि उल्का, दोघांच्या सिटिझनशिपच्या मुलाखती त्यानंतर एकाच सकाळी झाल्या. उल्काचा निकाल तिथल्या तिथं लागला. विष्णूनं तिकिटाचं जे होतं ते सगळं सांगितलं. तिथं खोटं बोलायचं कारण नव्हतं, तिथं दादाराव नव्हते. त्याला कोर्टाचे कागद आणायला सांगून परत पाठवलं. उल्काच्या शपथविधीला तो पाहुण्यांच्या खुर्चीत बसला आणि फोटो काढले.

दादारावांच्या पुण्यानुमोदनाला जेवण साधंच होतं, वरण-भात, खीर. त्यानंतर काही आठवड्यांनी शीलावहिनींचा फोन आला. "रविवारी या रे दोघं. राजेशलाही सांगितलंय. फ्रीझर रिकामा करायचाय."

काळ्या मसाल्याचा वास दारातच आला. टेबलावर पातेलं, भात, कांदा, लिंबू. आणि मधोमध एक छोटी स्टीलची वाटी, रिकामी.

"छर्रा दाताखाली आला तर फेकू नका," शीलावहिनी वाढता वाढता म्हणाल्या. "या वाटीत टाका. त्यांच्या हातचे आहेत. मी ठेवणार आहे."

"तुम्ही खाणार, वहिनी?" राजेशनं विचारलं.

"आज खाईन." त्यांनी स्वतःच्या ताटात एक घेतला, छोटा, आणि त्याच्याकडे बघत बसल्या. "आयुष्यभर टोचून बोलले मी त्यांना यावरून."

राजेशनं पहिला छर्रा वाटीत टाकला. टिण् आवाज झाला. मग त्याला बोलल्याशिवाय राहवेना. "नऊ! हात तसा असताना नऊ! आणि आमचा मास्तर शून्य, वर तिकीट."

शीलावहिनी हसल्या. दादाराव गेल्यापासून त्या हसल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे राजेश आणखी चढला. "वहिनी, दादा वरून म्हणत असतील, प्लग घातलास का बे?" विष्णूही हसला. हसणं आता त्याला चांगलं जमत होतं.

उल्का हसली नाही. ती भातात चमचा फिरवत होती. फिरवता फिरवता तिनं तो खाली ठेवला.

"वहिनी, एक सांगू का?"

विष्णूनं मान वर केली.  नुसता तिच्याकडे पाहत राहिला, आणि त्या पाहण्यात इतकी विनवणी होती की राजेशच्या नजरेतूनही ती सुटली नसती. पण राजेश होल्याची मांडी सोलत होता.

"काय गं?" शीलावहिनींनी विचारलं.

"रस्सा... रस्सा फार छान झालाय."

"त्यांना असाच लागायचा. जहाल." वहिनींनी पातेल्यात डाव घातला आणि तळाशी उरलेला होला विष्णूच्या ताटात ठेवला. "हा तुझा. तुला त्या दिवशी एकही मिळाला नव्हता ना. ते फार बोलायचे त्यावरून. पोराचे नऊ गेले, म्हणायचे."

विष्णूनं घास घेतला. दुसऱ्याच घासाला दाताखाली कडक काहीतरी आलं. तो थांबला. जिभेनं त्यानं ते गालाच्या आत सरकवलं, चावायचं थांबवून क्षणभर तसंच धरून ठेवलं. समोर शीलावहिनी त्याच्याकडे पाहत होत्या. वाटी त्यांनी उचलून त्याच्या बाजूला केली होती.

त्यानं तो छर्रा दोन बोटांत काढला आणि वाटीत टाकला.

वहिनींनी वाटी दिव्याखाली धरली, थोडी तिरकी केली. छर्रे एका कडेला घरंगळले. "केवढासा असतो नाही?" त्या म्हणाल्या. "आणि इतक्या लांबून लागतो."

"दादांचा नेम पक्का होता," विष्णू म्हणाला. आणि ताट पुढे करून त्यानं भात मागितला.